गवळ्याच्या सायकलीबद्दल आक्काला

तीर्थस्वरूप आक्काला येळ्ळूरहून दिपालीचा वाकून नमस्कार. (पाठ अजून वाकते, याचं नवल तुला पुढचं वाचून वाटेल.) दाजींचं गुडघ्याचं दुखणं उताराला लागलं असेल, स्वरूप बंगळूरला वेळेवर जेवत असेल आणि निपाणीत बाकी सगळं ठीक असेल, असं धरून चालते. इकडे सासूबाई ठणठणीत आहेत. मी फोन लावला की शेजारी येऊन बसतात, इतक्या ठणठणीत. म्हणून तर हे पत्र.

आक्का, तुझे आभार कसे मानू? स्वरूप नोकरीला गेला आणि त्याची ती खडी-मुरमावर चालणारी ग्रॅव्हल सायकल तू टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवलीस, तेव्हा मला वाटलं, तुझ्या घरातली अडगळ माझ्या घरात आली. (रागावू नकोस, त्याआधी तुझा मिक्सर आला होता.) हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर धड बारीक नाहीत, धड जाड नाहीत. सासूबाईंनी तिचं नाव विचारलं, मी ग्रॅव्हल सांगितलं, आणि तेव्हापासून घरात तिला गवळ्याची सायकल म्हणतात. शहापूरच्या आमच्या शाळेत पहिल्यांदा घेऊन निघाले, तर वेशीवरच एका बाईंनी थांबवून दूध म्हशीचं का गाईचं, म्हणून विचारलं. नाव माझ्या आधी गावभर पोचलं होतं.

यांचं तर तुला माहीतच आहे. कारखान्यातल्या मंडळींच्या नादानं यांना माउंटन बाइकचं वेड लागलंय. ती सायकल म्हणजे पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग आणि टायर ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाचे. डांबरी रस्त्यावर चालवली तर माणूस दमतो, म्हणून रविवारी ती टेम्पोत बसून गडाच्या पायथ्याला जाते. मग हे तिला खांद्यावर घेऊन वर चढतात आणि ती यांना अंगावर घेऊन खाली येते. संध्याकाळी मी हळद लावायला बसते. एकदा मलाही नेलं होतं. एका दगडावरून सायकलनं उडी मारली, मी मारली नाही. त्यामुळे आम्ही वेगवेगळ्या खाली आलो, ती पायवाटेवर आणि मी करवंदीच्या जाळीत. भीती सोडली की जमतं, असं हे वरून ओरडत होते. भीती केव्हाच सुटली होती, हँडलसकट.

तुझी ही सायकल घराच्या दारापासूनच सुरू होते, हा मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. डांबर संपून मुरूम लागला, मुरूम संपून बांधाची वाट लागली, तरी ती कुरकुरत नाही आणि मीही नाही. (ओढ्याच्या वाळूत मात्र दोघी आडव्या झालो, पण तिथे बघायला एक म्हैसच होती.) डोंगरावर नजर पुढच्या दगडावरून हलवायची सोय नसते. मुरमाच्या रस्त्यावर मी मसुरीची शेतं बघते, कोणी हाक मारली तर थांबते. सांबऱ्याच्या मामीला भेटून आले. बस बदलून कोण जाणार, म्हणून किती वर्षं ते राहिलं होतं! मामीनं मला आधी ओळखलंच नाही, मग हात सोडेना. आक्का, लग्न झाल्यापासून मी कुठेही निघाले की सोडायला कोणीतरी, आणायला कोणीतरी. आता मला वाटलं की मी जाते. एवढंच; पण एवढं मला आजवर कोणी दिलं नव्हतं.

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. रविवारी जेवायला येतो म्हणून गेलेले हे दुपार कलली तरी आले नाहीत. फोन लागेना. मित्रांना विचारलं, तर त्या दिवशी दुसरं कोणी गेलंच नव्हतं. टेम्पोवाला यांना पायथ्याला सोडून बाजाराला निघून गेलेला. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. डांबरी रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून मी ओढणी कंबरेला खोचली आणि शेतातल्या वाटेनं निघाले. वाटेत मनात काय काय आलं ते लिहीत नाही.

गडामागच्या उताराखाली जयाबाई म्हणून एक शेतकरीण राहतात, त्यांच्या गोठ्यात हे सापडले. घोटा सुजून भोपळा झालेला, सायकलीचं पुढचं चाक पापडासारखं वळलेलं, आणि बोलणं चालू.

"हे तुमचं माणूस व्हय?" जयाबाईंनी मला विचारलं.

"व्हय."

"मग न्या बाई लवकर. सकाळधरनं आमच्या रेड्याला स्प्रिंगची माहिती सांगायलेत."

मी हसले, आणि हसता हसता शेणाच्या पाटीशेजारी बसून रडले. बाईंनी काही न विचारता ताकाचा तांब्या पुढे केला. मग त्यांच्या मालकांनी ट्रॅक्टर काढला, यांना आणि यांच्या सायकलीला ट्रॉलीत घातलं आणि मी सायकलवर मागून निघाले. (पाय मोडलेला नाही, मुरगळलाय. डॉक्टरांनी जमिनीला टेकवायचा नाही, असं बजावलंय.) ट्रॉलीत यांचं तोंड माझ्याकडे होतं, दुसरीकडे फिरवायला जागा नव्हती. बराच वेळ मुरमावरून येताना मला बघत होते. येळ्ळूर दिसायला लागलं तेव्हा म्हणाले, "बरी चालवतीस की गं." स्वयंपाक सोडून यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. धुळीनं डोळ्यात पाणी आलं, असं मी सांगितलं.

दाजींना नमस्कार, स्वरूपला अनेक आशीर्वाद. सायकलबद्दल तुझे उपकार मानते आणि थांबते.

तुझी,
दिपाली

ता. क. शिवरात्रीच्या सुट्टीला जोडून मी सायकलनंच निपाणीला यायचं ठरवलंय. वाटेत संकेश्वरला, आमच्या शाळेतल्या सौम्याच्या माहेरी मुक्काम. घरी अजून बोलले नाही. तर तू सासूबाईंना फोन करून जरा बरं नाही म्हणून सांग आणि मला पाठवायला सांग. फार खोकू नकोस, नाहीतर त्याही निघतील.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवायचं राहिलं तेच बरं झालं. आज मी बसनं शाळेला गेले होते. परत येऊन बघते, तर सायकलची सीट चार बोटं वर चढलेली आणि टायरला ताजा लाल मुरूम. हे पांघरूण घेऊन पडलेले. विचारलं तर म्हणाले, जमिनीला पाय टेकवलाच नाही, डॉक्टरांचं ऐकलं. सासूबाई म्हणाल्या, "मी काय बघितलं न्हाय." तेव्हा आक्का, स्वरूपच्या कोणा मित्राकडे अशी दुसरी सायकल असेल तर चौकशी कर, आणि आजारी पडशील ती दोघांना बोलवावं लागेल इतकी पड.