गुरुवारची गोळी

मी, चंद्रकला दामू ओव्हाळ, वय ४४, प्राथमिक शिक्षिका, राहणार उरवडे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. मला मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार आहे. गोळीचा असर उतरला की पापण्या मिटतात, जीभ जड होते. त्याला कोणी नशा किंवा वेड म्हणू नये. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या छातीतली थायमस ग्रंथी काढणार आहेत. नंतर श्वासाचे स्नायू साथ देतील का, हे डॉक्टरांनी नक्की सांगितले नाही. मीही दुसऱ्यांदा विचारले नाही.

१. माझ्या पगारातून बांधलेले दोन खोल्यांचे घर व खालची जागा मी माझी आई चांगुणा हिला देते. तिच्या हयातीत ते कोणी विकायला लावू नये. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, याच घरात तिच्याजवळ राहावे.

२. नेऱ्याला राहणारा माझा धाकटा भाऊ साहेबराव याला हे रुचणार नाही. आबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. त्यांना नेऱ्याला न्यावे, आईला मामाकडे धाडावे आणि घर विकावे, असे त्याचे म्हणणे. "आईला गोळ्या द्याया जमत न्हाई. आक्का, तूच लिवलंयस." ते खरे आहे. माझ्या १९८१च्या रोजनिशीत तसे आठ ठिकाणी लिहिले आहे. म्हणून ती रोजनिशी पुढील कलमाशिवाय वाचू नये.

३. लेव्होडोपा ही कंपवातावरची गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात आबा स्वतःच्या हाताने जेवू लागले होते. पुढे हात पुन्हा थरथरू लागला, पाय उंबऱ्याशी अडू लागले. मी शाळेत असे, दिवसाच्या गोळ्या आई देई. तिला घड्याळ कळत नाही. ती कारखान्याच्या भोंग्यावर गोळी देते. गुरुवारी कारखाना बंद, भोंगा नाही. मी ठरवून टाकले की गुरुवारची गोळी चुकते. शेजारच्या इंदूबाईंदेखत तिला म्हणाले, "तुझ्या हातानं आबा जातील एक दिवस."

आई भाकरी थापत होती. "गुरवारी दुपारची यस्टी असती की. आन् चंद्रे, मला घड्याळ न्हाई कळत, पर ह्यांचा हात कळतोय."

रोजनिशीत मी आरोप लिहिला. उत्तर लिहिले नाही.

या जूनमध्ये डॉक्टरांनी विचारले, "लेव्होडोपाबरोबर आणखी काय देता?" मी अभिमानाने सांगितले: ताकदीची, बी-कॉम्प्लेक्सची गोळी. मीच आणते, रोज सकाळी मीच देते. त्यांनी पेन खाली ठेवले. त्या गोळीतले बी-सहा जीवनसत्त्व लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधीच वाया घालवते. ती बंद केली, आणि तीन आठवड्यांनी आबांनी सदऱ्याची गुंडी स्वतः लावली.

आई चुकली नव्हती. मी चुकले होते. तिला सांगितले तेव्हा, "बरं. आता जेव," एवढेच म्हणाली. साहेबरावाला मात्र पाच महिने सांगितले नाही. भीती की हट्ट, मला अजून ठरवता येत नाही.

४. माझे मनगटी घड्याळ साहेबरावाला. ते आईच्या हातात कोणी बांधू नये. पुस्तके शाळेला. रोजनिश्या आईच्या. साहेबरावाने १९८१ची तिसऱ्या कलमासह पुन्हा वाचल्यावर तिने हव्या तर चुलीत घालाव्यात.

५. माझ्या उरलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या दवाखान्यात परत द्याव्यात, दया म्हणूनही कोणाला देऊ नयेत, आबांना तर मुळीच नाही. गाव आम्हा दोघांच्याही दुखण्याला वाऱ्याचं दुखणं म्हणते. पण आबांचा हात थरथरतो आणि माझा गळतो. आजार निराळे, औषधे निराळी.

६. आज गुरुवार आहे. घड्याळ मी सकाळीच पेटीत ठेवले. आजवर माझ्या गोळीला मी आईला हातही लावू दिला नव्हता. दुपारची यस्टी वळणावर आली तशी ती तांब्या आणि गोळी घेऊन आली. पाऊण तासात पापण्या वर झाल्या. खालची सही त्या गोळीच्या बळावर केली आहे. अक्षर हललेले नाही, एवढे साक्षीदारांनी नीट पाहून घ्यावे.

(सही) चंद्रकला दामू ओव्हाळ

आमच्यासमोर सही केली. अक्षर स्थिर आहे.
साक्षीदार:
१. वाल्मीक शेडगे, सहशिक्षक (सही)
२. इंदूबाई पवळे, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

उरवडे, गुरुवार, दिनांक १८ नोव्हेंबर १९८२