कापून काढलेली चार पानं

बाबा, तुम्ही कापलेली ती चार पानं मला सापडली. तुम्ही गेल्यावर इतवारीतलं तुमचं बाइंडिंगचं दुकान आवरलं तेव्हापासून दाभणांचा डबा घरी तसाच पडून होता. काल उघडला, तर तळाशी पानं घडी करून ठेवलेली. म्हणजे कापायची हिंमत झाली, फेकायची नाही झाली!

मी बारा वर्षांची होते. एका लेखकाच्या परग्रहांवरच्या गोष्टी मासिकात यायच्या, ते अंक तुम्ही माझ्यासाठी महिनोन् महिने जमवले. आई गॅसवर मैद्याची खळ शिजवते आहे, तुम्ही कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकता आणि मला दटावता, "बोट चाटू नको वं, जहर आहे त्यात." पुस्तक निळ्या कापडात बांधून हातात पडताच मी पानं मोजते, ही माझी खोड. एका अंकात अडतीसनंतर एकदम त्रेचाळीस. "बाबा, मधली पानं गायब आहेत," मी म्हणाले. "काहून वं, गोष्ट तुटली का कुठं?" "नाही." "मग वाच ना गुमान." वाचलं. शिवण सैल होईस्तोवर वाचलं. त्या गोष्टींपायीच मी फिजिक्स घेतलं, आज कॉलेजात तेच शिकवते.

कापलेल्या पानांवर त्याच लेखकाचा लेख आहे, फोटोसकट. पोरींना विज्ञान शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी, त्यांची अक्कल चुलीपुरती, असं त्याचं म्हणणं. आणि ह्याच्याच गोष्टीत यान चालवणारी कप्तान बाई! मेल्याला लिहिताना काहीच वाटलं नसेल? आधी त्याचा राग आला, मग तुमचा. माझ्या वाट्याचा राग तुम्ही परस्पर कापून टाकलात. तेव्हाच वाचलं असतं तर मी त्या गोष्टी सोडल्या असत्या का? फिजिक्सही? ठाऊक नाही, आणि तेच सलतं. वर्गात पोरांना मोठ्या तोंडानं सांगते, माणूस आणि त्याचं काम वेगवेगळं तोला, पण झाकू काहीच नका.

आज सकाळी तुमच्या नातीनं ते निळं पुस्तक मागितलं. तीही आता बाराचीच. खोडही माझीच उचलली आहे. "आई, चार पानं कुठं गेली वं?" माझ्या तोंडून निघालं, "गोष्ट तुटली का कुठं?" ती नाही म्हणाली आणि वाचायला बसली.

हे पत्र दाभणांच्या डब्यात ठेवते आहे. पानं सकाळपासून माझ्या पर्समध्ये आहेत, बाबा. तिला द्यायची हिंमत मलाही झाली नाही.