वीस कमी दाखवणारा काटा

प्रिय चिमे,

काल फोनवर तू आईला मिठावरून रागावलीस, ते मला शेजारच्या खोलीत ऐकू येत होतं. ती नुसती हूं हूं करत राहिली आणि फोन ठेवून म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे, मिठाला माझाच हात सैल."

आम्हा दोघांनाही मधुमेह. माझी साखर मात्र अशी ताब्यात, की डॉक्टरीणबाई कौतुक करतात. यंदा म्हणाल्या, "साखरेवरच खूश राहू नका. रक्तदाब, कोलेस्टेरॉलही बघा, मधुमेहात हृदयाला धोका सगळीकडून." मला ते झोंबलं. बॉयलरची प्रेशर गेज दुरुस्त करायला मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो. प्रेशर मला शिकवायचं?

म्हणून तू दिलेल्या रक्तदाबाच्या यंत्रावर माझा आकडा एकशे साठ आला, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की यंत्र जास्त दाखवतंय. तबकडी उघडली, आतली दांडी केसभर सरकवली. शून्यावर काटा अचूक, वर मात्र वीस कमी. आई हसून म्हणाली, "घरात मिस्त्री असल्यावर काय काळजी!" माझ्या दुकानातून मास्टर गेजशी, म्हणजे खात्रीच्या अचूक गेजशी, ताडून पाहिल्याशिवाय एकही गेज बाहेर जात नाही. हे एकच यंत्र न ताडता वापरात गेलं.

आईही त्याच यंत्रावर मोजायची. फोनवर तिचे चांगले आकडे ऐकून डॉक्टरीणबाईंनी तिची रक्तदाबाची गोळी अर्धी केली. जिन्यात तिला छातीत भरून आलं ते त्यानंतर. दवाखान्यात तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरचं यंत्र बरोबर आहे ना? तर आई पडल्या पडल्या म्हणते, "हे स्वतः तपासतात." मी चपलांकडे बघत उभा.

घरी येऊन यंत्र मास्टर गेजशी ताडून पाहिलं. वीसचाच फरक. आज सकाळी डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी गोळी पूर्ववत लिहून दिली. आईला सांगायला मात्र दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा चहा पिऊन उठलो.

तू रविवारी येते आहेस, म्हणून हे आधी पोचावं. मिठावरून तिला एक शब्द बोलू नकोस. तिच्यासमोर मलाच विचार, "बाबा, यंत्राचं काय केलंत?" मग मला सांगावंच लागेल. त्यानंतर दुसरं यंत्र आणून दोघांचंही तूच मोज. माझ्या तोंडचा आकडा धरू नकोस.

कसाही असलो तरी तुझाच,
बाबा