मांजराच्या खिशातला बोर्ड

रविवार, ८ जून

लाडक्या चिऊस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. तूही ठीक असशीलच, जेवणाच्या वेळा पाळत नसशील तेवढं सोडून.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील, तर बाबा सतत शेजारी असतात. शिवाय ही बातमी फोनवर उरकण्यासारखी नाही. अगं, बोर्ड ठरला! ‘मायक्रोकंट्रोलर’ (बोर्डावरचा तो नखाएवढा संगणक) हा शब्द जिला परवापर्यंत एका दमात म्हणता येत नव्हता, त्या तुझ्या आईने तीन बोर्ड मांडून त्यांची परीक्षा घेतली. निवड मात्र माझी नाही. ते पुढे येईलच.

मांजर घराबाहेर लांब गेलं की मला कळायला हवं, काय वापरू, असं मी तुला विचारलं होतं. तू वायफायवाला सुचवलास आणि वर टोमणा मारलास की आपल्याकडे मांजर आलं कधी. त्याचं उत्तर मी सोयीस्करपणे गाळलं.

तुझा शाळेतला इलेक्ट्रॉनिक्सचा खोका माळ्यावरून काढला. त्यातल्या मोठ्या निळ्या बोर्डावर माझा पहिल्यापासून जीव. भोकं मोठी, तारा नुसत्या खुपसायच्या, चुकलं तरी निमूट सोसतो. पण तो खिशात मावेना. (मांजराला खिसा कुठला, हे आत्ता विचारू नकोस.) मग तुझा वायफायवाला घेतला. मोठा हुशार, थेट मोबाइलवर निरोप धाडणारा! पण त्याच्या ज्या पिनेला तीन-सव्वातीन व्होल्टच चालतात, तिथे मी पाच दिले. धूर निघाला, वास सुटला, आणि मी शिवणयंत्रापुढे कपाळाला हात लावून बसले.

त्या वासाने बाबा आतून आले.

चिऊ, आता सांगतेच. मांजर वगैरे काही नाही. बाबाच आहेत. ते बाहेर पडतात आणि घरचा रस्ता विसरतात. मागच्या महिन्यात सापडले ते त्यांच्या जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानापाशी. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे, आणि हे त्याच्या कुलपाला आपल्या घराची किल्ली लावून बघत होते. हे वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तू नोकरी सोडून धावत येशील म्हणून मी गप्प बसले. मला फार भीती वाटते गं.

पण ऐक तर! बाबा आले, नाक वर करून म्हणाले, “रेग्युलेटर उडालाय. कोणाचा हा उद्योग?”

“माझा.”

“सरक.” खुर्ची ओढली, चष्मा चढवला. सकाळचा चहा झाला की नाही हे त्यांना आठवत नाही, पण सोल्डरिंग आयर्न धरल्यावर हात तसूभर हलला नाही. तू शाळेत असताना तुझ्याबरोबर बसून जे शिकले होते, ते सगळं शाबूत आहे.

“कोणासाठी करतेस हे?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलवेना, खरंही बोलवेना. म्हटलं, “एक गृहस्थ आहेत. बाहेर पडतात आणि घर विसरतात.”

“अरेरे.” मग एकदम वैतागले. “आणि त्याच्या खिशात तू हे वायफायचं खादाड पोर देणार? दुपारपर्यंत बॅटरी फस्त! तो बिचारा दिवसभर बाहेर राहिला तर?” खोक्याच्या तळातून त्यांनी अंगठ्याएवढा बोर्ड काढला. “हा घे. हा झोपतो. मधूनमधून जागा होतो, मी इथे आहे म्हणतो, की पुन्हा झोपला. सेल पुरवून पुरवून वापरेल.”

मग काय, आम्ही दोघं कामालाच लागलो! दोन बोर्ड घेऊन दोन्हींना निरोप धाडणारा-ऐकणारा एकेक छोटा रेडिओ जोडला. झोपाळू खिशात, आणि नवा आणलेला वायफायवाला माझ्या मशिनपाशी, भिंतीतल्या विजेवर, कान देऊन बसलेला. झोपाळूची हाक ऐकू येईनाशी झाली की घंटी. भांडलोसुद्धा, तारेच्या लांबीवरून, अगदी पूर्वीसारखं. काल मी तो घेऊन कोपऱ्यापर्यंत चालत गेले, तर घरातून आधी घंटी आणि मागोमाग बाबांची आरोळी, “वाजली! अगं, वाजली!” अख्खी गल्ली बाहेर आली. मी भर रस्त्यात उड्या मारल्या, या वयात!

सदऱ्याला आतून खिसा शिवला. आज सकाळी तो त्यांच्या अंगावर चढवून बटणं लावत होते, तर म्हणाले, “त्या गृहस्थाच्या घरी कोण असतं?”

“बायको असते.”

“मुलं?”

“एक मुलगी. लांब असते.”

“तिला कळवलंय ना?”

मी मान हलवली, नाही म्हणून.

“आजच लिही,” बाबा म्हणाले. “तिच्या बापाला फार बरं वाटेल.”

लिहिलं, चिऊ. नोकरी सोडू नकोस. पण ये.

तुझी
आई