धरून आहो

प्रिय मित्र खुशाल यास,

अमरावतीहून चिंतामणचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून मोकळा होतो. तू नावाप्रमाणे खुशाल असशीलच. सुंदरावहिनींचे गुडघे काय म्हणतात? पातूरला यंदा हरभरा कसा आहे? (खोटं कशाला बोलू, हरभऱ्याचं मला काही पडलेलं नाही; पण फोनवर तू दुसरं काही बोलतच नाहीस, तेव्हा पत्रातही त्याला जागा दिली.) अक्षर बारीक आलंय, रागावू नकोस. तेहतीस वर्षं शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणारा चित्रकलेचा मास्तर मी, पण पार्किन्सन झाल्यापासून ओळ चांगली टपोरी सुरू होते आणि कागदाच्या कडेला पोचेपर्यंत मुंगीएवढी होते. भिंग घेऊन बस.

तर बातमी अशी की मी पोहायला जाऊ लागलो होतो. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा, मात्र एकट्याने उतरू नका. मी मनात हसलो. (मनातच हसावं लागतं. या आजारात चेहरा हलत नाही. परवा शेजारच्या देवमनरावांना एक विनोद सांगितला, तर त्यांनी माझा हात हातात घेऊन मला धीर दिला.) ज्याने आठव्या वर्षी तुमच्या मळ्यातल्या विहिरीत उड्या मारल्या, त्याला आता सोबत लागणार! मोठ्या ऐटीत चड्डी घेतली. टोपीही घेतली, कारण टँकवर ती सक्तीची आहे, मग डोक्यावर अकराच केस का असेनात. शिकवायला सीमा नावाची नांदगाव खंडेश्वरची बाई आहे, तिशीतली, आवाज असा की टँकचं पाणीसुद्धा सरळ उभं राहावं. ती म्हणाली, "काका, पयले दांडी धरून उभे राहा, मंग बाकीचं पाहू." मी तिला सांगितलं की तुझे वडील रांगत होते तेव्हापासून मी पोहतोय, आणि दांडी सोडून पाण्यावर आडवा झालो.

खुशाल, पाण्याने मला ओळखलं नाही. उजवा हात बोलावला तर आलाच नाही, पाय आपापल्या विचारात होते, आणि मी सरळ खाली गेलो. सीमाने बखोटीला धरून वर काढलं. खोकला थांबल्यावर म्हणाली, "काका, पाण्याले जुन्या गोष्टी नाई समजत." मला पोहता येत नाही रे आता. येत होतं, आणि आता येत नाही. नोकरी संपली, स्कूटर विकली, ब्रश हातातून गेला, या सगळ्याची मनाची तयारी केली होती. पोहणं जाईल हे मात्र कधी डोक्यातही आलं नव्हतं. घरी येऊन रडलो. चेहरा नेहमीसारखाच, त्यामुळे चारुशीलेला वाटलं, टँकचं औषध डोळ्यांना झोंबलं.

पण बायको म्हणजे बायकोच. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पाण्यात उतरली. सहासष्ट वर्षांत जिने घोट्याच्या वर पाणी पाहिलं नव्हतं ती, पंजाबी ड्रेस घालून, ओठ मिटून, छातीभर पाण्यात माझा हात धरून उभी! (टोपीत ती अगदी नर्सबाई दिसते. हे तिला सांगू नकोस.) सीमा म्हणाली, पोहणं राहू द्या, नुसतं चाला. आता घरात माझं असं आहे की कुठलाही उंबरा आला की पाय जमिनीला चिकटतात. त्यासाठी मी फरशीवर रंगीत पट्ट्या मारून ठेवल्यात, पट्टी पाहून पाऊल पडतं म्हणून. बैठकीपासून संडासापर्यंत मुलांच्या शर्यतीचं मैदान झालंय. पण पाण्यात पट्टीही लागली नाही. या काठापासून त्या काठापर्यंत बावीस पावलं मी चाललो, एकदाही न अडकता. परत बावीस. सतरा दिवस आम्ही असे चाललो. तो एक तास मी आजारी नव्हतो.

अठराव्या दिवशी चारुशीला गच्चीवर कपडे वाळत घालताना घसरली. मनगट मोडलं. प्लास्टर दीड महिना. टँकचा नियम आहे की माझ्यासारख्याला पोहता येणारी सोबत पाण्यात हवीच (चारुशीलेला सीमाने दया म्हणून चालवून घेतलं होतं), आणि सीमाच्या हाताखाली आणखी बारा जण आहेत. आमची लेक देवश्री पुण्याला, तिला नोकरी आणि लेकरं. तेव्हा मी घरीच. काल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी दहा मिनिटं अडकून होतो. चारुशीला गळ्यात हात अडकवून पलीकडे उभी. ती ये म्हणायची, मी आलो म्हणायचो, आणि चहा निवत होता.

असो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
चिंतामण

ता.क. मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला तू आला होतास. माझ्या बशीतला चहा सांडताना पाहिलास आणि अकोल्याची बस निघेल म्हणून उठलास. सकाळचे अकरा वाजले होते, खुशाल. अकोल्याला बस दिवसभर असते. मी फार रागावलो होतो. आता नाही. मलाही माझा हात पाहवत नाही.

ता.क. दुसरा. महिनाभर इकडे ये. टोपी घेऊन ठेवली आहे, निळी. तुझं डोकं मोठं आहे म्हणून दुकानदाराला शेतावरच्या भोपळ्याचं माप सांगितलं.

ता.क. तिसरा, आणि पत्र यासाठीच लिहिलं. तुमच्या विहिरीत मी तरंगायला पाठीला बांधलेला भोपळा पहिल्यांदा सोडला तेव्हा बोंब मारत होतो आणि तू मागून म्हणत होतास, "धरून आहो, चिंत्या, धरून आहो." पलीकडच्या काठाला लागून मागे पाहिलं तर तू पायरीवर बसून पेरू खात होतास. साठ वर्षं मी हे लोकांना हसत सांगत आलो, की खुशालने फसवलं म्हणून मला पोहता आलं. या खेपेला पेरू आणू नकोस. धरून आहो म्हणशील तेव्हा खरंच धर.