पिशव्यांचं कापड

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तू, भावजी आणि ठकीही खुशाल असाल अशी आशा करतो. तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले, की आशेवरच भागवावं लागतं. कारखान्याच्या ट्रकवाल्याकडे हे पत्र आणि एक गठ्ठा दिला आहे. गठ्ठा सोडून बघ आणि मग पत्र न लिहिल्याची लाज वाटू दे. आत पांढरं कापड आहे, जाड आणि मऊ. तुझ्या मशीनला मोठी सुई लावावी लागेल.

कुठून आणलं तेही सांगतो, नाहीतर भावजी म्हणतील मेहुणा चोऱ्या करायला लागला. आमच्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं भट्टीत वितळवतात, त्याच्या विटा पाडतात आणि त्या जहाजानं परदेशी जातात. भट्टीचा धूर आधी एका पत्र्याच्या खोलीत येतो. तिथं माणसाहून उंच कापडी पिशव्या ओळीनं टांगलेल्या असतात. धूर त्यांतून गाळला जातो, भुकटी मागं राहते आणि वर धुराड्यातून जवळजवळ स्वच्छ हवा जाते. पिशव्या झटकायच्या, कोंदल्या की बदलायच्या, हे माझं काम. काढलेल्या पिशव्या आम्ही उसवून वाटून घेतो. मुकादमांच्या घरी त्याचे पडदे आहेत, आमच्या खोलीवाल्या मावशींच्या घरी उशांचे अभ्रे. माझा वाटा मी तुझ्यासाठी साठवला. नळावर बसून पाणी नितळ येईपर्यंत धुतला आहे, तरी तू पुन्हा एकदा धू.

काम अंगमेहनतीचं आहे पण जमतं. संध्याकाळी तोंड जरा गोडसर लागतं. जुने लोक म्हणतात, पगार वाढवत नाही पण कंपनी रोज तोंड गोड करते.

भावजींना नमस्कार, ठकीला पापा. लोभ करतेसच, तो अधूनमधून कागदावरही उतरू दे.

तुझा,
बारक्या

१९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

लाज वाटली. झालं समाधान? कापड पाहून मात्र लाज पळाली आणि मी कात्री घेऊन बसले. ठकीच्या गादीला खोळ झाली, एक पांघरूण झालं आणि उरलेल्यात तुझ्या भावजींना बसायला आसन शिवलं. बसतात त्यावर, पण मेहुण्याचं नाव काढत नाहीत. तू मनावर घेऊ नकोस. स्वतःच्या आईचं नाव काढायलाही त्यांना सहा महिने लागतात.

ठकी त्या पांघरुणाला मामा म्हणते. मामा कुठे, मामा दे, असं चालतं आणि शेजारणीला वाटतं तू आला आहेस. झोपताना त्याचं टोक तोंडात धरते. मी रागावले तर म्हणाली की मामा गोड लागतो. एवढं कौतुक तुझं आजवर कुणी केलं नसेल. चार वर्षांची पोर, पण दिवसभर बोलून बोलून माझं डोकं खाते. ब्लाउज शिवताना मापं चुकतात आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी ऐकते.

तू वेळेवर जेव. तोंड गोड लागतं म्हणतोस, तर जरा पोट साफ ठेव. घरची आठवण आली की पत्र लिही, नुसता हुंदके देत बसू नकोस. आमची माया पोचते आहे असं समज.

तुझी,
ताई

८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी फार हसलो होतो. आज पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही. सगळं नीट लिहितो, रागावू नकोस.

या महिन्यात परदेशातून दुप्पट माल मागितला आहे. भट्ट्या थांबतच नाहीत. एवढ्या धुरानं पिशव्या लवकर कोंदतात, कोंदल्या की धूर खेचला जात नाही आणि भट्टी मंद होते. गेल्या आठवड्यात मॅनेजर आले आणि म्हणाले की जहाज कुणासाठी थांबत नाही, पिशव्या काढून टाका. मी आणि दुसऱ्या एकानं मिळून त्या काढल्या. आता धूर गाळल्याशिवाय वर जातो. धुराड्यातून पिवळट करडा लोट निघतो आणि वारा असेल तिकडे, म्हणजे आमच्या वस्तीवर, उतरतो. पत्र्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पिण्याच्या पिंपाच्या झाकणावर बारीक भुकटी असते. मी रोज झाकण पुसतो. पुसलेलं फडकं कुठे झटकायचं ते मात्र कळत नाही.

मावशींची नात पाच वर्षांची आहे. आम्ही तिला गोटी म्हणतो, कारण एका जागी राहायची नाही. ती आता पायरीवर बसून असते. जेवत नाही, पोट धरून रडते. मावशी म्हणतात दृष्ट लागली असेल. मला दुसरंच वाटतं. ती बसते त्याच पायरीवरून मी धुतलेल्या कापडाचं पाणी गेलं होतं. पिशव्यांत अडकतं तेच आता पत्र्यावर पडतं, मग पिशव्यांचं कापड तरी चांगलं कसं असेल? मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला खात्रीनं काही सांगता येत नाही. पण ताई, मी कुणाला तरी विचारून कळवीपर्यंत ते पांघरूण ठकीला देऊ नकोस. माझी शंका खोटी निघाली तर हवं तेवढं हस.

ठकी कशी आहे ते आधी लिही, बाकीचं मागाहून. लोभ असू दे आणि उत्तर लवकर असू दे.

तुझा,
बारक्या

२० डिसेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

अरे, किती घाबरशील! आगगाडीत चढलास तरी ती उलटी जाईल म्हणून रडणारा पोरगा तू. भावजींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले की दोनदा धुतलेल्या कापडात काय राहतं, साबणसुद्धा राहत नाही.

तरी तुझ्या शब्दाखातर पांघरूण काढून घेतलं. ठकीनं असा आकांत मांडला की शेजारचे धावून आले. शेवटी परत दिलं. सध्या तिची तब्येत बरी नाही म्हणून मलाही तिला रडवायचं नव्हतं. पोटात कळा येतात. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आहे. जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवते. चेहरा पांढरा पडला आहे. घराचा उंबरा रोजचा, पण परवा त्याला अडखळून पडली. चिडचिड फार करते आणि मधेच गप्प बसते. घरात इतकं शांत वाटतं की मी हातातलं काम टाकून तिला बघायला जाते.

मुलं अशी आजारी पडतात आणि उठून उड्या मारायला लागतात. तू तिथं बसून भलतंसलतं मनात आणू नकोस. तुझी काळजी करायला मी आहे, माझी तू करू नकोस.

तुझी,
ताई

२७ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी तार केली आहे: कापड घराबाहेर काढ, ठकीला मोठ्या दवाखान्यात ने. हे पत्र तिच्या मागून येईल.

काल गोटीला झटके आले. तिचा बाप आमच्याच कारखान्याच्या ट्रकवर बाहेरगावी आहे, म्हणून तिला उचलून सरकारी दवाखान्यात मी गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हिरड्या पाहिल्या, कुठे राहता ते विचारलं आणि मग माझ्या हातांकडे पाहत मी काय काम करतो ते विचारलं. मी सगळं सांगितलं, अभ्र्यांचंही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या की ही शिशाची भुकटी आहे. श्वासातून आणि तोंडातून पोटात जाते, रक्तात उतरते. मोठ्यांना त्रास होतोच, पण लहान मुलांच्या मेंदूला धरते. धुतल्यानं कापडातून पुरती जात नाही. मी घाबरत विचारलं की ती गोड लागते का. त्या म्हणाल्या, हो, म्हणूनच मुलं चोखतात.

ताई, पुढचं मन घट्ट करून वाच आणि अगदी असंच कर. कापड झटकू नकोस. पाण्यात भिजवून ओलंच एखाद्या जाड पिशवीत बांध आणि कुणाचा हात लागणार नाही असं ठेव. जाळू मात्र नकोस. जाळलं तर भट्टीतून निघतो तोच धूर तुझ्या दारात होईल. गादीची खोळ आणि भावजींचं आसनसुद्धा विसरू नकोस. घर ओल्या फडक्यानं पूस, झाडू नकोस. ठकीचे हात धू. डॉक्टरांना शिसं हा शब्द सांग, त्यांनी विचारलं नाही तरी सांग.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडानं लिहू? ठकीला वाचव एवढंच लिहितो.

बारक्या

४ जानेवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

तार संध्याकाळी आली. घराबाहेर काढ एवढं वाचलं आणि मी काढलं. घराबाहेर काढलेलं परत कुणी आत आणू नये म्हणून मागच्या अंगणात ढीग केला, रॉकेल ओतलं आणि काडी लावली. खोळ, आसन, पांघरूण, सगळं. माझा मामा जळतो म्हणून ठकी किंचाळत माझ्या पदराला लोंबकळत होती. धूर आमच्या दोघींच्या तोंडावर येत होता आणि मी तिला तिथंच धरून उभी होते, ते पांघरूण संपलेलं तिनं पाहावं म्हणून. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं.

आम्ही मोठ्या दवाखान्यात आलो आहोत. मी शिसं म्हटलं तेव्हा तरुण डॉक्टर हसले, त्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी मात्र लगेच रक्त काढायला सांगितलं. असावं त्याच्या कितीतरी पट निघालं. दाखल करून घेतलं आहे आणि औषध सुरू आहे. रक्तातलं उतरेल असं म्हणतात. डोक्यात गेलं त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणतात की ती बरी झाल्यावर बघू.

मला तुझा राग आला आहे. माझाही आला आहे. भावजी कुणावरच रागवत नाहीत, बाहेरच्या बाकावर नुसते बसून असतात. मला जास्त त्यांचीच भीती वाटते.

तू स्वतःचं रक्त तपासून घे. हे मी रागातच लिहिते आहे, पण तपास.

ताई

१३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तपासलं. माझंही वाढलेलं आहे, पण मी चालतो-बोलतो आहे, माझी काळजी करू नकोस. काम सोडलं. म्हणजे मी सोडायला गेलो तर मॅनेजर म्हणाले की तुला काढलंच आहे.

ज्यांनी ज्यांनी कापड नेलं त्यांच्या घरी जाऊन सांगायचं ठरवलं आणि निघालो. मला वाटलं होतं आठ-दहा घरं असतील. पण एकानं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं मेहुणीला. बालवाडीत मुलांना बसायला त्याच्याच पट्ट्या आहेत. तिथल्या बाई रडायला लागल्या आणि माझ्यासमोर ओल्या करून गुंडाळल्या. मुकादमांनी मात्र दार लावून घेतलं. आतून ओरडले की गावभर बोंब मारून कारखाना बंद पाडशील आणि मग आम्ही काय दगड खायचे? एका म्हातारबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पडदा काढतो बाबा, पण खिडकीतून येतं त्याला काय बांधू? पिशव्या अजून लावलेल्या नाहीत. दुसरं जहाज ठरलं आहे.

गोटी घरी आली आहे, म्हणजे त्याच पायरीवर. इथल्या दवाखान्यात ते औषध नाही. डॉक्टरीणबाई तिला दूर पाठवा म्हणतात. मावशी ऐकत नाहीत. मुलगा कंपनीच्या ट्रकवर आहे, बोभाटा झाला तर त्याची नोकरी जाईल अशी भीती त्यांना आहे. खोकत खोकत मलाच समजावतात की पोर जरा वाऱ्यावर बसली की सुधारेल.

मला तुमच्याकडे यायचं आहे, पण धीर होत नाही. केसांत, नखांत, चपलेत ते असेल. ठकीजवळ जायलाही मला भीती वाटते. तू नको म्हणालीस तर मी येणार नाही. लोभाची मागणी करत नाही, उत्तराची करतो.

बारक्या

२५ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आशीर्वाद.

ठकीच्या रक्तातलं शिसं निम्म्यावर आलं आहे. पोट दुखत नाही, दूध पिते. तुला हे पहिलं सांगायचं ठरवलं होतं म्हणून पहिलं लिहिलं.

आता दुसरं. काल मोठ्या डॉक्टरांनी तिला मांडीवर घेऊन चित्रं दाखवली. पेला सांगितला, घड्याळ सांगितलं. मग छत्री आली. घराच्या दारामागे रोज टांगलेली असते ती वस्तू. ती बघत राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली की आई, हे मला येत होतं. डॉक्टरांनी पान उलटलं. पुढची चारही चित्रं तिला आली, पण ती बोलत होती आणि तिचं लक्ष मागच्या पानाकडे होतं. डॉक्टर म्हणाले की मुलं पुन्हा शिकतात, कधी पूर्ण, कधी थोडं कमी, आधी कुणालाच सांगता येत नाही. पुन्हा रक्त काढतील ते पुढच्या सोमवारी.

मी रात्रंदिवस देवाजवळ माझंच मूल मागत होते. तुझ्या पत्रातली गोटी मला त्या छत्रीच्या पानावर दिसली. मावशींना माझं नाव सांग आणि असं सांग की मुलाची नोकरी गेली तर दुसरी शोधता येते. त्यांना समजत नसेल तर हे पत्र वाचून दाखव, छत्रीचं दोनदा वाच. गोटीला घेऊन ये, मावशींनाही आण. ठकीच्या शेजारची खाट रिकामी आहे. मी डॉक्टरांना विचारलं आहे, ते हो म्हणाले.

निघताना डोकं भादरून घे, कामाचे कपडे आणि चपला तिथंच टाक. इथं भावजी नवे कपडे घेऊन स्टँडवर उभे राहतील. त्यांनी आपण होऊन सांगितलं.

सोमवारच्या आत ये. त्या दिवशी मला एकटीला आकडा ऐकायचा नाही.

तुझी,
ताई