पेनल्टी काढली आणि पोनिरान वर गेला

२ ऑगस्ट, दुपार

गल्लीच्या पहारा चौकीत रमी. मी अधिक साठ, सगळ्यांच्या वर. सोळा तारखेला जो वर असेल त्याला चौकीतली एकुलती एक पाठीची खुर्ची वर्षभर. बाकीचे चटईवर. माझे गुडघे चटईवर वर्ष काढणार नाहीत. खुर्ची मिळवणे.

पोनिरान रिक्षावाला उणे चाळीस. दर उणे दहाला कानाला कपड्यांचा एक चिमटा, म्हणजे चार. तेवढ्यात पॉइंट लिहिणारी वारसिती म्हणते, "पोनिरानभाऊ, तुमची तीसची पेनल्टी माझ्या चुकीने लागली. काढते." काढली. आणि बोर्डावर लिहिलं उणे दहा! तीन चिमटे उतरले.

काढलं आणि माणूस वर गेला? वारसितीचं माहेर क्लातेन. पोनिरानचं गाव क्लातेन. लक्षात ठेवणे.

४ ऑगस्ट

घरी शेंगदाण्यांवर करून पाहिलं. दहातून तीन काढले. सात. पुन्हा केलं. सातच. बायको म्हणाली, "तुमचं शास्त्र झालं असेल तर दाणे द्या, चटणी अडलीय." मी तिसरीपर्यंत शिकलोय. तिसरीत शून्याखाली काही नव्हतं. हे खालचं मागाहून कुणीतरी घुसवलंय.

७ ऑगस्ट

चौकीत ठणकावलं: काहीही काढा, आकडा खालीच उतरला पाहिजे. वारसिती म्हणाली, "आजोबा, मी दंड काढला, पॉइंट नाही." म्हटलं, काढणं ते काढणं. मत घेतलं. सगळ्यांचे हात वर, पोनिरानचासुद्धा. इतकं सहज? संशयास्पद.

पोनिरानला मूळच्या उणे चाळीसच्या आणखी तीस खाली ढकललं. उणे सत्तर, सात चिमटे. "डूल शोभतात का, आजोबा?" म्हणून त्याने मान हलवून दाखवली. हसू दे. खुर्ची माझीच.

१५ ऑगस्ट, दुपार

शेवटचा डाव. मी अधिक पन्नास. पाळी नसताना पान उचललं म्हणून मला चाळीसची पेनल्टी! उरले दहा. उचललं होतं पोनिरानने. मी आरडाओरडा केला. साकिदी महिनाभर चौकीत झोपलेलाच असतो, तोसुद्धा जागा होऊन म्हणाला, "पोनिरानच होता."

वारसिती गोड आवाजात, "चुकलंच माझं. काढू पेनल्टी?"

म्हटलं, काढ! आत्ताच्या आत्ता!

काढली. दहाच्या चाळीस खाली. उणे तीस.

"नियम तुमचाच, आजोबा."

मला तीन चिमटे. सगळं आधीच ठरलेलं होतं.

१६ ऑगस्ट, सकाळ

वारसिती घरी आली. "हट्ट सोडा, आजोबा. नियम पुसते. तुम्ही परत पन्नासवर, खुर्ची तुमची." विचारलं, आणि पोनिरान? "तो उणे दहावर." हां! म्हणजे मला खुर्ची दाखवून त्याचे सहा चिमटे उतरवायचा डाव. साफ नाही म्हटलं. कपाळावर हात मारून गेली. पकडली गेल्यावर दुसरं काय करणार?

१६ ऑगस्ट, संध्याकाळ

खुर्ची साकिदीला. शून्यावर होता, शून्यावरच राहिला. मी उठून विचारलं, तीस मोठे की शून्य? सगळे इतके हसले की उद्याच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त रचलेला पिवळ्या भाताचा डोंगर हलला. साकिदी खुर्चीत बसला आणि तिथेच घोरायला लागला.

१७ ऑगस्ट

झेंड्याखाली फोटो. त्यासाठी तिन्ही चिमटे मला पुन्हा लावायला लावले. घरी आलो तर बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी. "आणा इकडे. माझे आहेत ते."

एक काढला. कान जरा सुटला. दुसरा काढला. आणखी बरं. तिसरा काढला तेव्हा तर डोळेच मिटले.

"आता कसं वाटतंय?" म्हणाली.

हिच्या आईचं गाव क्लातेन. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.